रोडरेलर

रोडरेलर म्हणजे हमरस्त्यावर ट्रकमागे धावणारा आणि वाघिणीवर (मालगाडीच्या डब्यावर) न चढवता थेट रुळांवर चालणारा मालवाहू ट्रेलर. ही पद्धत अमेरिकेत रुजली आणि रेल्वेच्या प्रतिकृती बनवणाऱ्या हौशी मंडळींनी ती आपल्या टेबलावरही आणली.

सुरुवात 1950 च्या दशकात चेसापीक अँड ओहायो रेल्वेच्या ‘रेलव्हॅन’ने झाली. पहिल्या पिढ्यांत लोखंडी चाके ट्रेलरलाच जोडलेली असत. तेवढे ओझे रस्त्यावरही वाहावे लागे, म्हणून पुढे ‘मार्क फाइव्ह’ प्रकारात ती काढून सुटी बोगी (दोन आसांचा चाकगाडा) आली. फरसबंदी केलेल्या रुळावर बोगी उभी असते. चालक ट्रेलर मागे घेतो, एअर सस्पेन्शनने (हवेच्या दाबावर चालणाऱ्या झटकाशोषक यंत्रणेने) मागची बाजू उचलतो आणि ती बोगीवर टेकवून कुलूपबंद करतो. मग रबरी चाके वर ओढली जातात. लगतचे दोन ट्रेलर मजबूत पिनेने जखडतात आणि एकाच बोगीवर भार टाकतात. इंजिनाला जोडण्यासाठी सर्वांत पुढे ‘कपलरमेट’ ही वेगळी बोगी लागते.

क्रेन नको, वाघीण नको, सांध्यात ढिलाई नसल्याने माल हिंदकळत नाही: हे फायदे खरेच मोठे होते. पण रुळांवरची ओढ सोसायची म्हणून सांगाडा जड करावा लागे, तेवढा माल कमी बसे. सामान्य मालगाडीच्या मध्ये हे ट्रेलर लावता येत नसत. नॉरफोक सदर्न या अमेरिकी रेल्वे कंपनीच्या ‘ट्रिपल क्राउन’ने 1986 पासून ही सेवा चालवली. 2015 मध्ये जाळे आटोपून फक्त डेट्रॉइट–कॅन्सस सिटी मार्ग उरला, तोही 2024 मध्ये बंद झाला. एकावर एक रचलेल्या कंटेनरांपुढे तिचा निभाव लागला नाही.

भारतीय रुळांसाठी रोडरेलरचे काम पुण्याच्या किर्लोस्कर न्युमॅटिकने हाती घेतले. कोकण रेल्वेवर 1999 पासून चालणारी रो-रो सेवा मात्र वेगळी. तिथे अख्खा ट्रक सपाट वाघिणीवर बसतो.

प्रतिकृतीत रोडरेलरची गाडी दिसते सोपी, चालवायला कठीण. 53 फुटी ट्रेलर एचओ (1:87) मापात सुमारे साडेअठरा सेंटिमीटर, एन (1:160) मापात दहा सेंटिमीटर भरतो. डबे हलके, त्यात दोघांचा भार एकाच बोगीवर. त्यामुळे लांब गाडी अरुंद वळणावर आतल्या बाजूला ओढली जाऊन घसरते. वळणे मोठ्या त्रिज्येची घ्यावीत, वजन सगळ्या डब्यांत सारखे आणि शक्य तितके खाली ठेवावे. अशी गाडी उलटी ढकलणे टाळलेलेच बरे. रबरी चाके रुळाच्या माथ्यापासून स्पष्ट उचललेली हवीत, नाहीतर रुळांच्या सांध्यांवर ती अडकतात.

यार्ड उभारणे त्या मानाने सोपे: पृष्ठभागाशी समतल बसवलेले दोन-तीन रूळ, सुट्या बोगींची रांग आणि ट्रक वळायला ऐसपैस जागा. वाटेत शंटिंग नाही, शेवटी गार्डचा डबाही नाही. शेवटच्या ट्रेलरच्या पाठीवर लाल दिव्याचे छोटे उपकरण मात्र लावावे.