उणे चिन्हाचं विश्व

2025 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातले हेन्री टाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गणित मांडलं. आपल्या विश्वाचं एकूण आयुष्य सुमारे 33 अब्ज वर्षं, त्यातली 13.8 अब्ज सरलेली. अजून साधारण 11 अब्ज वर्षं विश्व फुगेल, मग आकसू लागेल आणि शेवटी कोसळेल. आमच्या नागपुरात गांधीसागर तलावासमोरच्या रमण विज्ञान केंद्रात तारांगण बघून निघालेली मुलं हमखास विचारतात, "सर, विश्व तर कायम पसरतच जाणार ना?" टाय यांच्या गणिताचं उत्तर "नाही" असं येतं, कारण त्यात वैश्विक स्थिरांक ऋण धरला आहे. ही कल्पना मात्र शंभर वर्षांहून जुनी आहे.

1917 मध्ये आइनस्टाइननं विश्व स्थिर राहावं म्हणून आपल्या समीकरणात लॅम्डा, म्हणजे हाच वैश्विक स्थिरांक, घातला, तो धन. गुरुत्वाकर्षण सगळं आत ओढतं, तर धन लॅम्डा बाहेर ढकलतो. त्याचं चिन्ह उलटं केलं तर काय होतं हे 1922 मध्ये पेट्रोग्राडच्या (आजचं सेंट पीटर्सबर्ग) अलेक्झांडर फ्रीडमन या रशियन गणितज्ञानं नीट पाहिलं. लॅम्डा ऋण असेल तर विश्व ठरावीक मर्यादेपर्यंत वाढतं आणि परत मिटतं, असं त्यानं दाखवलं. अशा विश्वाला तो आवर्ती म्हणतो. आइनस्टाइननं आधी त्याचं गणितच चूक ठरवलं, 1923 मध्ये आक्षेप मागे घेतला. 1925 मध्ये फ्रीडमन विषमज्वरानं गेला, अवघ्या 37 व्या वर्षी. विश्वाच्या प्रसरणाचा पुरावा त्याला बघायला मिळाला नाही, याची हळहळ वाटते.

ऋण लॅम्डा आत का ओढतो? त्याची ऊर्जा-घनता ऋण असते, पण दाब धन. आइनस्टाइनच्या सिद्धांतात गुरुत्वाकर्षण घनतेबरोबर दाबाच्या तिपटीतूनही येतं. घनता उणे एक, दाब अधिक एक धरला तर बेरीज येते अधिक दोन, म्हणजे निव्वळ आकर्षण. शिवाय विश्व पसरतं तसं द्रव्य विरळ होतं, लॅम्डा मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे आज ना उद्या त्याचंच राज्य येतं. लॅम्डा शून्य असेल तर द्रव्य कमी असलेलं विश्व कायम पसरत राहू शकतं. लॅम्डा किंचितही ऋण झाला की ती सुटका संपते. द्रव्य कमी असो वा जास्त, भूमिती सपाट असो वा वक्र, शेवटी विश्व मिटणारच.

विदर्भातल्या गणित विभागांत सापेक्षतावाद हा जुना, आवडीचा विषय. एम.एस्सी.चा विद्यार्थी सपाट, धुळीनं (म्हणजे दाब नसलेल्या द्रव्यानं) भरलेल्या विश्वासाठी आइनस्टाइनचं समीकरण फळ्यावर दहा-बारा ओळींत सोडवू शकतो. उत्तरात त्रिकोणमितीतला साइन येतो आणि आयुष्याच्या सूत्रातून द्रव्याचं प्रमाण चक्क गळून पडतं. उरतो फक्त लॅम्डा. आज मोजलेल्या लॅम्डाचं नुसतं चिन्ह उलटं केलं, तर आयुष्य येतं सुमारे 36 अब्ज वर्षं. त्यातली अर्धी पसरण्यात, अर्धी आकसण्यात. ही ओळ स्वतःच्या हातानं काढण्यात जो आनंद आहे तो नुसतं वाचून मिळत नाही.

1949 मध्ये तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेलनं ऋण लॅम्डा घेऊन फिरतं विश्व रचलं. त्यात पुढे जात जात स्वतःच्या भूतकाळात पोहोचता येतं. आपल्या विश्वाशी त्याचा मेळ नाही, पण आइनस्टाइनची समीकरणं काय काय चालवून घेतात ते त्यानं दाखवलं.

मराठी वाचकासाठी मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते 1993 चं प्रकरण. फ्रेड हॉइल, जेफ्री बर्बिज आणि आपले जयंत नारळीकर यांनी महास्फोटाला पर्याय म्हणून अर्धस्थिर विश्वाचं प्रारूप मांडलं. त्यातही लॅम्डा ऋण आहे. प्रसरणाला लगाम घालून विश्वाला परत फिरवणारा तोच. आकुंचन टोकाला जाण्याआधी द्रव्यनिर्मितीचं क्षेत्र विश्वाला पुन्हा उसळवतं. अशी एक फेरी साधारण 50 अब्ज वर्षांची, आणि अनेक फेऱ्यांमधून विश्व एकंदरीत हळूहळू मोठं होत जातं.

1998 मध्ये दूरच्या सुपरनोव्हांवरून (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून) प्रसरण वेगावतंय असं दिसलं, म्हणजे लॅम्डा धन. नारळीकरांनी ते तारे धातूच्या सूक्ष्म तंतुमय धुळीमुळे मंद दिसतात असा युक्तिवाद केला. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना तो पटला नाही, आणि सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीच्या, म्हणजे आकाशभर पसरलेल्या आदिम प्रारणाच्या, निरीक्षणांनीही महास्फोटाचीच बाजू बळकट केली. तरीही प्रवाहाविरुद्धचं मत आकड्यांनिशी, तपासता येईल अशा रूपात मांडणं हे मोठं काम होतं, असं मी मनापासून मानतो.

त्याच सुमारास सैद्धांतिक भौतिकीनं ऋण लॅम्डाला वेगळ्याच कारणानं जवळ केलं. द्रव्य नसलेल्या, कायम ऋण लॅम्डाच्या अवकाशाला प्रति-डी-सिटर म्हणतात. तिथे वस्तू जोरात फेका की हळू, ती ठरलेल्या वेळातच परत येते. झोका लहान घ्या की मोठा, फेरीला वेळ जवळपास तेवढाच लागतो, तसं. 1997 मध्ये हुआन माल्दासेना यांनी अशा अवकाशातलं गुरुत्वाकर्षण म्हणजे त्याच्या सीमेवरचा गुरुत्वाकर्षणाविना चालणारा क्वांटम सिद्धांतच, असं सुचवलं. कृष्णविवरांच्या अभ्यासात ही कल्पना आज रोजच्या वापरातली आहे.

टाय यांच्या प्रारूपात लॅम्डा पहिल्यापासून ऋण आहे. आज विश्व वेगावतंय ते अॅक्सिऑन नावाच्या अतिशय हलक्या कणाच्या क्षेत्रामुळे. त्याचा जोर ओसरला की उणे चिन्ह वरचढ ठरेल. आधार आहे तो अॅरिझोनातल्या डेसी या दीर्घिकांच्या सर्वेक्षणाचा. कृष्ण ऊर्जा, म्हणजे प्रसरण वेगावणारं जे काही आहे ते, काळाबरोबर बदलत असावी असा इशारा मार्च 2025 च्या निकालांत मिळाला, पण त्याचं बळ 2.8 ते 4.2 सिग्मा इतकंच आहे (निकाल निव्वळ योगायोग नसल्याची खात्री सिग्मात मोजतात). शोध लागला म्हणायला 5 सिग्मा लागतात.