पेस्ट बाहेर दिसते तेवढीच आतही असते

इंजिन उघडून पुन्हा बसवलं की जोडाच्या कडेने लाल किंवा करड्या गास्केट पेस्टची, म्हणजे जोडातून तेल गळू नये म्हणून लावायच्या पेस्टची, जाड शिवण बाहेर आलेली दिसते. गिऱ्हाइकाला वाटतं, भरपूर लावलीय, आता तेल गळायचं नाही. पण बाहेर आली तेवढीच ती आतही आलेली असते. आतल्या शिवणीचा तुकडा सुटला, तर तेलाबरोबर संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, उतरतो आणि ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो. जाळी तुंबली की तेलाचा दाब पडतो, बेअरिंग कोरडी पडते. चार थेंबांची गळती बंद करायला जाऊन इंजिन जाम होतं, ते असं.

मशिनिंग केलेल्या, म्हणजे यंत्रावर कापून सपाट केलेल्या, कडेवर नख फिरवलं तर गुळगुळीत लागतं. तरी तिथे काही मायक्रॉन खोलीच्या रेघा असतातच आणि गरम, पातळ झालेलं तेल त्यांतून वाट काढतं. पेस्टने भरायच्या त्या या रेघा. वाकलेलं कव्हर तिच्या जिवावर बसवू नये.

पेस्ट दोन जातींची, आणि त्यांचा स्वभाव अगदी उलटा. ट्यूबमधलं सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन रबर बनतं. 5 ते 15 मिनिटांत वर साय धरते; आत मात्र दिवसाला साधारण 2 ते 3 मिलिमीटर इतकंच पिकतं. मुंबईच्या जुलैत ते लवकर आवळतं, नाशिकच्या डिसेंबरातल्या थंड, कोरड्या हवेत रेंगाळतं. ट्यूब उघडताच व्हिनेगरचा वास आला तर त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतंय असं समजा. ते तांबं आणि ॲल्युमिनियम खातं. काही सिलिकॉनची वाफ क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) ब्रीदरमधून, म्हणजे हवा सुटायच्या नळीतून, इंजिनात जाऊन जळते आणि तिची राख धुराच्या वाटेवरच्या ऑक्सिजन सेन्सरवर थर धरते. म्हणून फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना नुसतं बिनवासाचं बघून भागत नाही, ट्यूबवर ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलंच घ्यावं. पेट्रोल लागेल तिथे सिलिकॉन नकोच, ते फुगून सुटतं.

दुसरी जात ॲनारोबिक. ही हवा मिळते तोवर पातळच राहते; दोन धातूंच्या मध्ये कोंडली, हवा तुटली की धातूच्या संपर्काने घट्ट होते. तिची बाटली अर्धीमुर्धीच भरलेली असते, त्यात दुकानदाराची लबाडी नाही. उरलेली हवाच आतला माल पातळ ठेवते. बाहेर ओघळलेली ओली राहते, फडक्याने पुसता येते. क्रँककेसचे दोन भाग, गिअरबॉक्स अशा ताठ, मशिनिंग केलेल्या जोडांना हीच योग्य. फट पाव मिलिमीटरच्या वर गेली तर मात्र हिचा भरवसा धरू नये. पत्र्याचा संप गरम-थंड होताना हलतो, तिथे लवचीक सिलिकॉन.

गळती परत येते ती बहुतेक सफाईतल्या कसुरीमुळे. जुनी पेस्ट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावी. ग्राइंडरला घासायची चकती लावून काढायचा मोह होतो, पण तिचे कण तेलात गेले की बेअरिंग घासून टाकतात, शिवाय ॲल्युमिनियमला खड्डे पडतात. शेवटचा हात पेट्रोलने नको, मागे तेलकट थर राहतो. ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावं.

मग एकाच बाजूच्या कडेवर 2 ते 3 मिलिमीटर जाडीची सलग दोरी ओढायची, बोल्टच्या भोकांच्या आतल्या अंगाने, आणि शेवट सुरुवातीला भिडवायचा. एका बाजूने बंद असलेल्या भोकात पेस्ट साचली तर बोल्ट आवळताना तिला जायला जागा उरत नाही. दाबाने कास्टिंगच तडकतं. साय धरायच्या आत कव्हर सरळ खाली ठेवावं, सरकवू नये. बोल्ट हाताने लावून मग समोरासमोरचे टप्प्याटप्प्याने आवळावेत. ॲल्युमिनियममधल्या एम-6 बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतात. अचूक आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा.

कागदी किंवा कॉर्कच्या पॅकिंगला ‘जरा जास्त पक्कं’ म्हणून सिलिकॉन चोपडायची सवय वाईटच. ते ओलं असताना वंगणासारखं वागतं, आवळताना पॅकिंग बाहेर सरकून फाटतं. हेड गास्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग, तर मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलेलं नसेल तर कोरडंच बसवावं. टॅपेट कव्हरखालच्या (हेडवरच्या झाकणाखालच्या) अर्धचंद्राच्या कोपऱ्यांवर, तसंच टायमिंग कव्हर, ब्लॉक आणि हेड हे तिघे भेटतात तिथे सिलिकॉनचा मटारएवढा ठिपका पुरतो. तेल भरायला शक्यतो 24 तास थांबावं. ट्यूबच्या नळीत वाळलेलं बूच तसंच राहू द्यावं. पुढच्या वेळी ते उपटलं की आत ताजा माल असतो.