मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघून व्यायाम का टिकत नाही

भरतीची जाहिरात निघाली की परभणी म्हणा, बीड म्हणा, पहाटे ग्राउंडवर पाय ठेवायला जागा नसते, पोरं १६०० मीटरचं टायमिंग लावून पळायलेत, पोरी ८०० मीटरचं, आणि भरती उरकली की तेच ग्राउंड सुनं. सिलेक्शन झालेली पण येत नाहीत अन् राहिलेली पण. त्यात आळस वगैरे काही नाही, पळायचं कारणच बाहेरचं होतं, ते संपलं. डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ हेच सांगत आलेत की मार्क, बक्षीस, लोकांचा धाक यावर चालणारं काम त्यांच्यासोबतच थांबतं, स्वतःला मजा यायला लागली तर टिकतं.

पण मजा यायला वेळ लागतो ना, अन् खरी अडचण इथंच आहे. नवीन माणसाचं अंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं, जिना उतरताना देव आठवतो. फायदा मात्र आरशात दिसत नाही, कारण पहिल्या काही आठवड्यात ताकद वाढते ती जास्त करून नसांमुळं, म्हणजे मेंदू आहे त्याच स्नायूतले जास्त तंतू कामाला लावायला शिकतो, स्नायू जाड दिसायला दीड-दोन महिने तरी जातात. म्हणजे वजन आधीपेक्षा जास्त उचलायलोय पण दंड तेवढाच, मग माणूस म्हणतो कायच फरक नाही, सोडा. तोवर आरसा बघूच नका, वहीत जोर-बैठकांचा आकडा लिहा, तो खरं बोलतो.

२००२ साली ब्रिटनमधे एक भारी प्रयोग झाला. काही विद्यार्थ्यांना व्यायामाचे फायदे सांगून पेटवलं, काहींना तसंच सोडलं, आणि तिसऱ्या गटाला फायदे सांगून वर लिहून घेतलं की कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठं करणार. नुसत्या भाषणवाल्यांपैकी ३५ टक्क्यांनी व्यायाम केला, काहीच न सांगितलेल्यांपैकी ३८, आणि लिहून दिलेल्यांपैकी ९१! भाषण फुकटच गेलं की राव.

ते २१ दिवसांत सवय लागते वालं पण डोक्यातून काढा. लंडनमधे ९६ लोकांवर फिलिपा लॅली यांनी अभ्यास केला, मधला आकडा निघाला ६६ दिवस, कुणाला १८ लागले तर कुणाचा हिशोब २५४ वर गेला. आणि एखादा दिवस बुडाला तर सवयीला खास धक्का बसला नाही.

आता आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या वर, त्यात लग्नसराई, खाडा होणारच. दोन-तीन आठवडे सुटले तर ताकद फारशी जात नाही पण दम लवकर उतरतो, म्हणून परत सुरू करताना बैठका जवळपास आधीएवढ्या घ्या, पळणं मात्र निम्म्यावर आणा, तेही ऊन चढायच्या आत.