गिटची लायब्ररी इम्पोर्ट करण्यामागची पार्श्वभूमी

पायथनमधून गिटच्या, म्हणजे कोडमधील बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनाच्या, रिपॉझिटरीवर (तो इतिहास साठवलेल्या संग्रहावर) काम करणारा प्रोग्राम लिहायला घेतला की पहिल्याच ओळीला प्रश्न उभा राहतो: गिटपायथन ही लायब्ररी (तयार कोडचा संग्रह) इम्पोर्ट करायची, म्हणजे आपल्या प्रोग्राममध्ये आणायची, की पायगिट२? कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलांचा, इतिहास दोन्हींतून वाचता येतो. मात्र गिटपायथन आपली बरीचशी कामे संगणकावरची गिट कमांड चालवून उरकते, तर पायगिट२ ही लिबगिट२ या सी भाषेतल्या लायब्ररीला थेट जोडली जाते. एकाच साधनाकडे जाणाऱ्या या दोन वाटा का पडल्या, हे कळण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ साली कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे एससीसीएस हे साधन लिहिले. त्याच कामासाठी पुढे वॉल्टर टिची यांचे आरसीएस आणि १९८६ मध्ये डिक ग्रून यांचे सीव्हीएस आले. ही सारी साधने कीबोर्डसमोर बसलेल्या माणसासाठी घडवलेली होती. दुसऱ्या प्रोग्रामला त्यांच्याकडून काही हवे असेल, तर कमांड चालवायची आणि पडद्यासाठी छापलेला मजकूर ओळीओळीने वाचून त्यातून माहिती वेचायची, हाच मार्ग होता. सीव्हीएसच्या लॉगमध्ये दोन नोंदींच्या मध्ये २८ आडव्या रेघांची एक ओळ येत असे. कोणी आपल्या संदेशातच तशी ओळ टाकली, तर वाचणारा प्रोग्राम तिथेच नोंद संपली असे धरून चाले.

ही उणीव मुळातून दूर करण्याचा विचार सबव्हर्जन (एसव्हीएन) या त्याच प्रकारच्या साधनात झाला आणि माझ्या मते या इतिहासातले ते सर्वांत महत्त्वाचे वळण आहे. कोलॅबनेट या कंपनीने २००० साली सुरू केलेल्या आणि फेब्रुवारी २००४ मध्ये १.० आवृत्तीला पोचलेल्या या प्रकल्पात लायब्ररी आधी आणि कमांड नंतर, अशी रचना होती. रिपॉझिटरी, नेटवर्क, वर्किंग कॉपी (आपल्या संगणकावरची कामाची प्रत) यांसाठी वेगवेगळ्या लायब्ररी होत्या आणि एसव्हीएन ही कमांडसुद्धा त्यांचाच वापर करी. त्यामुळे पर्ल, पायथन, रुबी आणि जावा या भाषांतूनही त्या वापरता आल्या. अर्थात सगळा डोलारा अपाचे पोर्टेबल रनटाइम या दुसऱ्या लायब्ररीवर उभा असल्याने ती आधी सुरू करणे आणि तिचे मेमरी पूल (मेमरीचे साठे) सांभाळणे ओघानेच आले.

एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलसाठी घाईने गिट उभे केले, तेव्हा घड्याळाचे काटे जणू उलटे फिरले. गिट म्हणजे एकमेकींना जोडून वापरायच्या लहान लहान कमांडचा संच होता. आत कुठे गंभीर चूक झाली की ‘डाय’ नावाचे फंक्शन संदेश छापून १२८ या क्रमांकासह प्रक्रियाच संपवते. एकेका कामापुरत्या चालणाऱ्या कमांडला हे चालून जाते. पण तोच कोड एखाद्या एडिटरमध्ये किंवा सर्व्हरमध्ये जोडला, तर एका बिघडलेल्या फाइलपायी अख्खा एडिटर बंद पडेल.

म्हणून शॉन पियर्स यांनी २००८ मध्ये लिबगिट२ नव्याने लिहायला घेतले. जावासाठीचे जेगिटही त्यांनीच सुरू केले होते. २०१० च्या गूगल समर ऑफ कोड या विद्यार्थ्यांसाठीच्या उपक्रमात विसेंत मार्ती यांनी लिबगिट२ला खरा वेग दिला. परवाना जीपीएलचाच, म्हणजे जोडलेला कोडही खुला ठेवायला लावणारा, राहिला, पण लिंकिंगची (लायब्ररी आपल्या प्रोग्रामला जोडण्याची) विशेष सवलत जोडल्यामुळे बंदिस्त सॉफ्टवेअरलाही ही लायब्ररी आपला कोड खुला न करता वापरता आली. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ २०१३ या कोड लिहिण्याच्या साधनातील गिट याच लायब्ररीवर चाले. २०१७ च्या आवृत्तीत मात्र मायक्रोसॉफ्ट पुन्हा गिटच्या कमांडकडे वळले, कारण मूळ गिटमध्ये आलेली प्रत्येक सोय लायब्ररीत वेगळी लिहावी लागते.

लिबगिट२ची १.० आवृत्ती यायला २०२० उजाडले. तोवर तिचा इंटरफेस (बाहेरच्या प्रोग्रामने वापरायची फंक्शन्स) वारंवार बदलत होता, आणि आजही पायगिट२ची प्रत्येक आवृत्ती लिबगिट२च्या ठरावीक आवृत्तीशीच जुळते. लायब्ररी सोर्स कोडपासून स्वतः बांधून घेणाऱ्याला इम्पोर्टच्या ओळीवरच त्रुटी दिसते, तिचे मूळ बहुधा या न जुळण्यात असते. पिप या पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने मिळणाऱ्या तयार पॅकेजमध्ये आता लिबगिट२ सोबतच येते, त्यामुळे हा त्रास बराच कमी झाला आहे.