वावरातल्या हौदावर गाणी लावायची तर

मोठ्या भावाने मागच्या उन्हाळ्यात वरूडकडच्या वावरातल्या घरामागं पोट्ट्यांसाठी पोहायचा हौद बांधला, 20 फूट बाय 12, विहिरीचं पाणी आधी त्यात पडतं आणि मग तेच पाणी पुढं संत्र्याला जातं. आता हौद झाला म्हणजे गाणी पाहिजेतच, मग घरातले दोन मोठे बॉक्स, म्हणजे स्पीकर, उचलून ओसरीवर ठेवले. झालं असं की ओसरीवर बसलेली काकू कानावर हात ठेवून बसे आणि 50 फुटांवर कडुनिंबाखाली बाजेवर बसलेली आजी विचारे, "काहून रे, गाणं लावलं का बंद केलं?" मग भाऊ आवाज वाढवे, मग काकू उठून घरात जाई.

मला हे फार विचार करण्यासारखं वाटलं, कारण तेच बॉक्स घरात अर्ध्या आवाजावर सुद्धा दणदण वाजायचे. घरात आवाज भिंतींवर, छतावर, जमिनीवर आपटून परत परत आपल्याकडं येतो, म्हणजे एकदा निघालेला आवाज आपण दहादा वापरतो. उघड्यावर तो निघाला की गेला, परत आणणारं कोणी नाही. शिवाय तो चहूकडं पसरत जातो. अंतर दुप्पट झालं की तेवढाच आवाज चौपट जागेवर पसरतो आणि पातळी 6 डेसिबलनं (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप) उतरते. 2 मीटरवरून 4, मग 8, मग 16 मीटर, म्हणजे तीनदा दुप्पट, म्हणजे 18 डेसिबल कमी. मी मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप टाकून पाहिलं, काकूच्या खुर्चीजवळ 84 आणि आजीच्या बाजेजवळ 67. मोबाईलचा मीटर काही अगदी खरा नसतो, पण हिशेब बराच जमला.

आता आजीला आवाज दुप्पट वाटावा म्हटलं तर साधारण 10 डेसिबल वाढवावे लागतात, आणि 10 डेसिबल म्हणजे पॉवर दहापट. 100 वॉटची मशीन (ॲम्प्लिफायर) असेल तर 1000 वॉटची आणा. आणि एवढं करून काकूच्या खुर्चीजवळ 94 होणार, तिथं माणूस बसूच शकत नाही. म्हणून मी भावाला म्हटलं की दादा, आवाज मोठा करायच्या भानगडीत पडू नको, आवाज माणसाजवळ ने. दोन मोठ्यांच्या जागी सहा लहान स्पीकर, जिथं जिथं माणसं बसतात तिथं तिथं, प्रत्येकापासून दोन-अडीच मीटरवर.

याचा हिशेब ऐकून भाऊ चाट पडला. चांगला साधा स्पीकर 1 वॉटवर 1 मीटर अंतरावर 88 डेसिबल देतो, 2 मीटरवर 82. निवांत ऐकायला, मधे बोलता यायला 70 पुरतात. म्हणजे 12 डेसिबल उरले. 6 डेसिबल कमी म्हणजे पॉवर चौथा हिस्सा, तर 12 कमी म्हणजे वॉटचा सोळावा हिस्सा! गाण्यातले ठोके त्याच्या दहापट धरले तरी एका वॉटच्या आत काम होतं.

भावाचं म्हणणं होतं की मग सरळ भोंगा लावू, बिछायतवाल्याकडं (मांडव-भोंगे भाड्यानं देणाऱ्याकडं) पडलेलेच आहेत. भोंग्याची करामत खरंच मोठी आहे, आतला लहानसा पडदा निमुळत्या नळीतली हवा ढकलतो आणि नळी हळूहळू रुंद होत गेल्यामुळं ती ताकद वाया न जाता बाहेरच्या हवेत उतरते, म्हणून एका वॉटवर तो 105 च्या वर जातो. पण साधारण 300 हर्ट्झच्या खालचे जाड सूर त्याला पेलत नाहीत. भजन लावून पाहा, तबल्याचा दायां टणटण ऐकू येतो आणि डग्गा कुठं गेला ते समजत नाही. लांबवर सूचना द्यायला भोंगा, गाणं ऐकायला बॉक्स. खालचा सूर उघड्यावर तसाही पातळ होतो, त्याला उपाय म्हणजे बॉक्स भिंतीला चिकटवून ठेवायचा, भिंत मागं गेलेला आवाज पुढं देते आणि खालचे सूर 6 डेसिबलपर्यंत वाढतात, फुकटात.

पण बिछायतवाल्याची एक गोष्ट मात्र आम्ही जशीच्या तशी उचलली, ती म्हणजे 100 व्होल्टची लाइन. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर 50 मीटर नेली तर जाऊन-येऊन सव्वा ओहमच्या जवळपास रोध होतो. 4 ओहमचा स्पीकर सरळ जोडला तर जवळपास चौथा हिस्सा पॉवर वायर गरम करण्यात जाते. 100 व्होल्टच्या लाइनवर प्रत्येक स्पीकरला लहान ट्रान्सफॉर्मर असतो, 20 वॉटचा स्पीकर लाइनला 500 ओहमसारखा दिसतो, त्याच्यापुढं सव्वा ओहम म्हणजे काहीच नाही. एकाच वायरवर सहाही जोडता येतात. स्टिरिओच्या नादी लागलो नाही, फिरणाऱ्या माणसाला डावं-उजवं काय मिळणार.

एक काळजी घेतली, दूरदूरच्या दोन स्पीकरचा आवाज एकाच माणसापर्यंत जोरात पोचू नये. आवाज सेकंदाला 343 मीटर जातो (आमच्या मे महिन्याच्या उन्हात 355 पर्यंत), म्हणजे 17 मीटरचा फरक पडला की 50 मिलिसेकंद उशीर, आणि त्याच्यापुढं शब्द दोनदा ऐकू यायला लागतात.

पाण्याचं वेगळंच आहे. पोट्टे डुबकी मारून वर आले की ओरडत, "दादा, पाण्यात गाणं बंद होते!" खरंच होतं, हवेतून पाण्यावर पडलेला आवाज 99.9 टक्के वरच्या वर परत फिरतो, आत हजारातला एक हिस्सा जातो. म्हणजे हौद हा आवाजासाठी आडवा पडलेला आरसाच. स्पीकर पाण्यावरून पलीकडं रोखला तर आवाज सरकत सरकत शेजाऱ्याच्या वावरात जातो, म्हणून आम्ही सगळ्यांची तोंडं बाहेरून आत, घराकडं केली आणि थोडी खाली झुकवली.

शेजाऱ्याचा विषय महत्त्वाचा आहे. कार्तिकात पहाटे बाजेवर पडल्या पडल्या तीन किलोमीटरवरच्या गावातला काकडा मला शब्द न् शब्द ऐकू येतो, आणि मे महिन्याच्या दुपारी अर्ध्या किलोमीटरवर रोडवर वाजणारी गाडी ऐकू येत नाही. दुपारी जमीन तापते, जमिनीलगतची हवा गरम आणि वरची थंड, गरम हवेत आवाज वेगानं जातो, म्हणून तो वर वाकून निघून जातो. रात्री जमीन थंड होते, उलटं होतं, आवाज खाली वाकत जमिनीला धरून लांब जातो. पाण्यावरही थंड हवेचा असाच थर असतो. म्हणून दिवसा बेतलेला आवाज रात्री तसाच ठेवू नका, वस्तीतल्या लेकरांची झोपमोड होते. बांबूचं कुंपण लावू म्हणाल तर नजर अडेल, आवाज नाही. 100 हर्ट्झची लाट साडेतीन मीटर लांब असते, ती पानांना काय जुमानते. कायदाही आहेच, 2000 सालच्या नियमांत निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, आणि खासगी सिस्टीमचा आवाज आपल्या हद्दीवर त्याच्यापेक्षा 5 डेसिबलनंच जास्त चालतो.

विजेचं मात्र हात जोडून सांगतो. मशीन घरातच ठेवा, 230 व्होल्टची कोणतीच वस्तू हौदाजवळ नको, ओल्या अंगानं कोणी बटणाला हात लावणार नाही अशी जागा पाहा, बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच बंद करणारा स्विच) आणि धड अर्थिंग पाहिजेच. 100 व्होल्टची लाइनही झटका देते, तिचे जोड उघडे ठेवू नका.

आमचा एक कागदी कोनचा, म्हणजे कागदी पडद्याचा, स्पीकर पहिल्याच मृगात फुगून गेला, हात लावला तर ओल्या पापडासारखा. मग प्लास्टिक कोनचे, आयपी 65 (धूळ-पाणी आत न जाणारे) लिहिलेले घेतले. दुसरा एक मधेच घोगरा झाला म्हणून जाळी काढली तर आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं, बोटभर लांब. आता दर महिन्याला जाळ्या पाहतो.

आजीच्या बाजेजवळच्या स्पीकरला वेगळा कान (आवाजाचं बटण) लावला आहे, पिळला की तेवढाच बंद होतो. साडेनऊला ती स्वतः उठून तो पिळते आणि झोपते, बाकीचे पाच हळू वाजत राहतात.