टपाला पाडलेले भोक : उचलत्या छपराची पार्श्वभूमी

पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट आणि गाणगापूर ही सगळी ठिकाणे सोलापूरहून एका दिवसाच्या टप्प्यात आहेत, आणि आषाढीच्या दिवसांत नातेपुत्यापासून वाखरीपर्यंत दिंड्यांच्या मालट्रकांशेजारी पाल आणि राहुट्या उभ्या राहिलेल्या या जिल्ह्याने पिढ्यानपिढ्या पाहिल्या आहेत. त्यामुळे गाडी थांबेल तिथे मुक्काम करण्याची कल्पना येथे कोणाला नवी वाटत नाही. नवे आहे ते राहुटीच गाडीच्या टपावर बसवण्याचे खूळ. व्हॅनच्या टपाचा मोठा तुकडा कापून काढायचा, त्या जागी फायबरचे किंवा ॲल्युमिनियमचे झाकण बिजागऱ्यांवर बसवायचे, झाकण आणि गाडी यांच्यामध्ये कापडाची भिंत शिवायची आणि मुक्कामाला पोहोचल्यावर झाकण वर ढकलून उभे राहण्याची किंवा झोपण्याची जागा मिळवायची, असा हा सगळा प्रकार आहे. इंग्रजीतून आलेले त्याचे ‘पॉप-टॉप’ हे नाव गॅरेजवाल्यांच्याही तोंडी रुळू लागले आहे. कोणते छप्पर घ्यावे, असे विचारणारा बहुधा रंग, उंची आणि किंमत यांविषयी बोलतो. या वस्तूचा इतिहास मात्र बिजागरी कोणत्या बाजूला असावी आणि कापलेल्या टपाची कड कशाने बांधावी, या दोन प्रश्नांभोवतीच फिरत आलेला दिसतो.

हौसेखातर बांधलेली पहिली प्रवासी गाडी म्हणून साधारणपणे ज्या गाडीचा उल्लेख होतो, ती ‘वाँडरर’ १८८५ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्यात डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांच्यासाठी तयार झाली. ती घोडागाडी होती आणि तिचे वजन सुमारे दोन टन होते. घोडा चालीने चालतो, त्यामुळे गाडी कितीही उंच असली तरी वाऱ्याचा विरोध हा विचारच उद्भवत नव्हता. छप्पर पक्के, उंच आणि कायमचे ठेवता येत होते. मोटारीने वेग आणला तेव्हा हे गणित उलटले. उंच गाडी वाऱ्यात डोलते आणि इंधन जास्त पिते, तर बुटक्या गाडीत माणसाला सरळ उभे राहता येत नाही. चालताना बुटकी आणि थांबल्यावर उंच अशी गाडी हवी, या मागणीतून उचलत्या छपराची कल्पना पुढे आली. पण तिला योग्य अशी गाडी मिळायला दुसरे महायुद्ध संपावे लागले.

डच व्यापारी बेन पॉन यांनी १९४७ साली वहीत काढलेल्या एका चौकोनी रेखाटनावरून फोक्सवॅगनने मालवाहू व्हॅन तयार केली आणि मार्च १९५० मध्ये तिचे नियमित उत्पादन सुरू झाले. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या जर्मन कंपनीने त्या व्हॅनमध्ये ठेवता येईल असा ‘कॅम्पिंग बॉक्स’ बाजारात आणला. ही कंपनी १८४४ साली वीडेनब्रुक गावात लोहारकाम आणि घोडागाड्या बनवण्याच्या धंद्यातून उभी राहिली होती. तिच्या त्या पहिल्या सामानात छपराला हात लावलेला नव्हता. पेटीसारखे फर्निचर आत ठेवायचे, सुट्टी संपली की बाहेर काढायचे आणि सोमवारी त्याच गाडीतून माल वाहायचा. छपरातून डोके वर काढण्याची सोय पुढे आली, तीही प्रथम लहानशा झाकणाच्या रूपात. टपाला किती भोक पाडायचे याबाबत वेस्टफालियाने सुरुवातीला दाखवलेला हा संकोच मला तांत्रिकदृष्ट्या शहाणपणाचा वाटतो; त्याचे कारण पुढे येईल.

इंग्लंडमध्ये असा संकोच फारसा दिसला नाही. केंट परगण्यातील फोकस्टन येथील मार्टिन वॉल्टर ही कंपनी मुळात घोड्यांचा साज बनवणाऱ्यांची. नंतर ती मोटारींची बॉडी बांधू लागली. बेडफर्डची ‘सीए’ व्हॅन १९५२ साली आल्यावर या कंपनीने तिच्यावर ‘डॉर्मोबिल’ नावाने झोपण्याच्या गाड्या बनवायला घेतल्या. तेथे मोटारींवर भरमसाट खरेदी कर होता, पण राहण्याची गाडी म्हणून मान्यता मिळालेल्या वाहनाला त्यातून सूट होती. करवाचवणीची ही खटपट नसती, तर या धंद्याला एवढी भरभराट आली असती असे वाटत नाही. डॉर्मोबिलचे छप्पर गाडीच्या एका बाजूला, लांबीच्या कडेवर बिजागऱ्या ठेवून आडवे उघडत असे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे कापड ही त्याची ओळख झाली आणि वर दोन्ही कडांना स्ट्रेचरसारखे कापडी बिछाने ताणता येत. फायबरग्लास तोपर्यंत कारखान्यांत सहज मिळू लागले होते. साचा एकदा बनवला की हलके, न गंजणारे आणि हवा तसा फुगवटा असलेले झाकण त्यातून निघत असे, आणि ही सोय नसती तर हाताने उचलता येणारे एवढे मोठे छप्पर शक्यच नव्हते.

आज दुकानदार जे प्रकार समोर ठेवतो, ते थोड्याफार फरकाने याच काळातले आहेत. बाजूने उघडणाऱ्या छपरात आत उभे राहायला चांगली जागा मिळते, पण उघडलेल्या अवस्थेत आडवा वारा आला की ते शिडासारखे फुगते. पुढे किंवा मागे बिजागरी असलेले छप्पर पाचरीसारखे उघडते. एका टोकाला भरपूर उंची आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम पाय मावतील एवढी फट, त्यामुळे डोके कुठे आणि पाय कुठे हे आपोआप ठरून जाते. तिसऱ्या प्रकारात कात्रीसारख्या दांड्यांवर सगळे छप्पर सपाट वर उचलले जाते. त्यात जागा सर्वांत जास्त, पण सांधे जास्त, खडखड जास्त आणि चारी कोपरे सारखे बसवण्याची कटकटही जास्त. वर कोणी झोपणार नसेल आणि फक्त उभे राहून चहा करायचा असेल, तर लहान झाकण पुरते. ही गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही.

बिजागरी कोणत्या टोकाला, हा प्रश्न वरवर सोयीचा वाटतो, पण तो मुख्यतः छप्पर दाबून धरण्याचा आहे. धावत्या गाडीच्या टपावरून जाणारी हवा वेगाने सरकते, तिथला दाब कमी होतो आणि छप्पर वरच्या दिशेने ओढले जाते. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ताशी ५० किलोमीटरला जेवढी असेल त्याच्या चौपट ती १०० किलोमीटरला होते. बिजागरी पुढच्या टोकाला असेल तर समोरचा वारा छप्पर उघडायला मदत करत नाही. बिजागरी मागे असेल आणि पुढची कडी सुटली, तर वारा फटीत घुसून छप्पर उपटून काढू शकतो. मोटारीच्या बॉनेटची हीच अडचण आहे, कारण त्याचीही बिजागरी मागे असते, आणि म्हणूनच बॉनेटला दोन टप्प्यांचा खटका देतात. पहिला सुटला तरी दुसरा अडकून राहतो. मागे बिजागरी असलेले छप्पर वाईट नाही. पुढच्या बाजूला झोपणाऱ्याच्या डोक्याशी उंची देणारी ती चांगली रचना आहे आणि नामांकित गाड्यांत ती वर्षानुवर्षे वापरली गेली आहे. पण तिच्या पुढच्या कड्या किती आहेत, त्या कशाला जोडल्या आहेत आणि एक सुटल्यास दुसरी काय करते, हे विचारल्याशिवाय ती घेऊ नये. पत्र्याला दोन स्क्रूंनी लावलेली कडी म्हणजे कडी नव्हे. मागून पोलादी पट्टी देऊन, बोल्ट आरपार नेऊन बसवलेली कडी आणि तिच्या जोडीला आतून ओढून बांधायचा पट्टा, ही दुहेरी व्यवस्था जुन्या कारागिरांनीही पाळली होती.

वर दाबून धरण्यापेक्षा खालची जोडणी अधिक नाजूक आहे. डॉर्मोबिलचे छप्पर लँड रोव्हरवरही बसवले जात असे. त्या गाडीला स्वतंत्र मजबूत चासी असते आणि तिचा टप मुळातच बोल्टने बसवलेला असतो, त्यामुळे टप बदलल्याने गाडीच्या बळावर फारसा परिणाम होत नाही. व्हॅनचे तसे नाही. बहुतेक व्हॅनमध्ये तळ, बाजूचे पत्रे आणि टप मिळून एकच पेटी तयार होते आणि ही पेटीच गाडीचा सांगाडा असते. टपाखाली आडव्या गेलेल्या कमानी त्या पेटीला पिळवटू देत नाहीत. त्या कमानी कापल्या की झाकण काढलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी तिची अवस्था होते. चारी भिंती जागेवर असतात, पण कोपरा दाबला की खोके तिरके होते. सुरुवातीच्या काळात अनेकांनी भोक पाडून कडेला फक्त एक पट्टी लावून काम भागवले आणि नंतर दारे घासू लागली, काचेच्या कोपऱ्यांना तडे गेले. यावरचा उपाय म्हणून कापलेल्या भोकाभोवती पोलादाची बंद चौकट बसवण्याची पद्धत रूढ झाली. कापलेल्या कमानींचे काम ती चौकट करते, आणि ती नुसत्या रिव्हेटांवर न ठेवता पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्याने सलग चिकटवली जाते, म्हणजे भार ठिकठिकाणी न साचता सगळ्या कडेवर पसरतो. मोटारीची पुढची काच ज्या जातीच्या चिकटद्रव्याने बसवतात, त्याच जातीचे हे द्रव्य आहे. आजच्या गाड्यांत टपाच्या कडेने पडद्यासारख्या एअरबॅगा आणि तारा गेलेल्या असतात, त्यामुळे कापण्यापूर्वी आतले अस्तर उतरवून पाहणे हा कामाचाच भाग झाला आहे.

कारखान्यांनी हे काम हळूहळू स्वतःकडे घेतले. फोक्सवॅगनची ‘कॅलिफोर्निया’ १९८८ साली वेस्टफालियाच्या सहकार्याने आली. पुढे वेस्टफालिया डेमलर-क्रायस्लरच्या मालकीची झाली, आणि २००३ पासून फोक्सवॅगनने ही गाडी स्वतःच्याच हॅनोव्हरच्या व्यवस्थेत बनवायला सुरुवात केली. तिच्या वरच्या आवृत्तीत ॲल्युमिनियमचे छप्पर विजेवर चालणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेने उचलले जाई, आणि मिटलेल्या अवस्थेत गाडीची उंची २ मीटरच्या आत ठेवलेली होती, कारण युरोपातील बहुमजली वाहनतळांची मर्यादा त्याच्या आसपास असते. जपानमध्ये माझ्दाने १९९५ साली ‘बोंगो फ्रेंडी’ आणली, तिचे छप्पर बटणावर उघडत असे. विजेच्या छपराची हौस समजण्यासारखी आहे. ते उचलणारी विजेची मोटर बंद पडल्यावर ते हाताने खाली घेता येते का, हे मात्र आधी विचारावे. उघडे छप्पर घेऊन कोणालाच घरी परतता येत नाही.

आपल्याकडे ही परंपरा वेगळ्या वाटेने आली. हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीने १९४९ साली ‘मॅटाडोर’ व्हॅन काढली, तेव्हा तिला काही काळ फोक्सवॅगनचेच इंजिन होते. पुढे पुण्याच्या बजाज टेम्पोने मॅटाडोर हे नाव भारतभर पोहोचवले. सोलापूरच्या ज्या पिढीने मॅटाडोरमध्ये दाटीवाटीने बसून लग्नाच्या वऱ्हाडाचा प्रवास केला, तिला हे नाते बहुधा ठाऊक नसेल. त्या मॅटाडोरच्या टपावर जाळी, जाळीवर सामान आणि सामानावर ताडपत्री असे. टप कापायचा विचार कोणाच्या मनात येत नसे, कारण टप ही ओझ्याची जागा होती. नंतर आलेल्या उंच टपाच्या प्रवासी गाड्यांनी उभे राहण्याचा प्रश्न कारखान्यातच सोडवला, आणि येथील बहुतेक हौशी लोकांसाठी तीच निवड शहाणपणाची आहे, असे माझे मत आहे. उचलते छप्पर खरे उपयोगी पडते ते लहान व्हॅनला, जिथे उंच टप मिळतच नाही.

कायद्याचा इतिहासही येथे विसरता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही, आणि ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका स्पष्टपणे उचलून धरली. महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण त्यामुळे कोणाही गॅरेजला टप कापण्याचा परवाना मिळालेला नाही. गाडीची उंची, वजन आणि बॉडीचा प्रकार बदलत असल्याने प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे आधी जाणे आणि विमा कंपनीला लेखी कळवणे, हा क्रम उलटा करून चालत नाही.

राहिला प्रश्न सोलापूरच्या हवेचा. छपराच्या कापडी भिंतीसाठी गावच्या मागांकडे पाहण्याचा मोह होतो, पण चादर आणि टॉवेल विणणारा माग आणि तंबूचे घट्ट विणीचे कापड यांचा संबंध फारसा नाही. सुती कॅनव्हास भिजल्यावर फुगून पाणी अडवतो आणि त्यातून हवा खेळते, मात्र ओला मिटला तर त्याला बुरशी लागते. प्लॅस्टिकचा थर दिलेले कापड धुवायला सोपे, पण रात्री त्याच्या आतून श्वासाचे पाणी ओघळते. आपल्याकडे ओल्या दिवसांपेक्षा कडक उन्हाचे दिवस अधिक, त्यामुळे खिडक्यांना बारीक जाळी असलेला सुती किंवा ॲक्रिलिक कापडाचा पर्याय मला बरा वाटतो. चिकटद्रव्याबाबत उन्हाळा फसवतो. हे द्रव्य उष्णतेने सुकत नाही, हवेतला ओलावा घेऊन पक्के होते, साधारणपणे पहिल्या दिवसात ३ मिलिमीटरच्या आसपास. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वरची कातडी धरलेली दिसते आणि आतला भाग कच्चा राहतो, म्हणून त्या दिवसांत बसवलेली गाडी दुसऱ्याच दिवशी पुण्याच्या रस्त्याला काढणे धोक्याचे आहे.

छप्पर उचलायला लावलेल्या गॅसच्या दांड्यांवरही हवेचा परिणाम होतो. आतल्या नायट्रोजनचा दाब तापमानाबरोबर वाढतो, त्यामुळे २० अंशांच्या जानेवारीतल्या सकाळी नीट तोललेली दांडी ४५ अंशांच्या दुपारी सुमारे ८ टक्के जास्त जोराने ढकलते. टप तापून निघाला असताना मिटलेले छप्पर कडीवर ताण देते, आणि दांड्या जुन्या होऊन दाब गेला की तेच छप्पर रात्री झोपलेल्याच्या डोक्यावर हळूहळू उतरू लागते. म्हणून उघडलेल्या अवस्थेतही एक साधी लोखंडी टेकण असावी, आणि निघण्यापूर्वी कड्या हाताने ओढून पाहाव्यात; सोलापुरातून बाहेर पडताना एकदा, आणि मोहोळच्या अलीकडे सावळेश्वरच्या टोलनाक्यापाशी थांबून पुन्हा एकदा.