झाड कोणते, याआधी बी कुठले?

एकोणिसाव्या शतकात युरोपात वनवृक्षांच्या बियांचा व्यापार वाढला, तेव्हा जात एकच असली की बी कुठूनही आणले तरी चालते, असा सर्रास समज होता. फ्रान्समधील फिलिप-आंद्रे द व्हिल्मोरां यांनी १८२० च्या दशकात ले बार येथे निरनिराळ्या प्रदेशांतले स्कॉट्स पाइन हे सूचिपर्णी वृक्ष एकाच जमिनीत लावून पाहिले. माती तीच, पाऊस तोच. तरीही खोडाचा सरळपणा आणि वाढ मूळ प्रदेशानुसार वेगळी निघाली. फरक बियांतच होता.

१९३६ मध्ये स्वीडनच्या ओलोफ लांगलेट यांनी दाखवले की पाइनमधला हा फरक अक्षांशाबरोबर सलग बदलत जातो. उत्तरेकडची झाडे वाढ लवकर थांबवून थंडीची तयारी करतात. अशा अभ्यासांतून 'स्थानिक बी उत्तम' हा नियम बळकट झाला. नियम शहाणपणाचाच, पण हवामान आहे तसेच राहील हे त्यात गृहीत होते.

आज नेमके तेच गृहीतक ढासळते आहे. झाडाला जागा सोडता येत नाही आणि त्याची एक पिढी कित्येक दशकांची असते. अशा वेळी कामी येते ते एकाच जंगलातले वैविध्य. काही रोपांना पालवी लवकर फुटते, काहींना उशिरा; काही कोरड सोसतात, काही कडाका. हजारो रोपांतून मोजकीच मोठी होतात आणि ही छाटणी हवामानच करते. पण निवडायला फरकच नसेल तर छाटणी तरी कशातून होणार? वाऱ्यावर दुरून येणारे परागकण म्हणूनच मोलाचे; उबदार भागातले गुण ते थंड भागात पोचवतात.

या विषयातला सर्वांत मोलाचा पुरावा मात्र वेगळ्याच हेतूने जमा झाला. १९७४ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात कीथ इलिंगवर्थ यांच्या प्रयोगात लॉजपोल पाइनची १४० ठिकाणची रोपे ६० जागी लावली गेली. कुठे कोणते बी लावावे, एवढाच तेव्हाचा प्रश्न होता. त्याच नोंदींवरून पुढे तापमान वाढल्यास कोणत्या मूळ प्रदेशाची झाडे तगतील, याचे अंदाज बांधता आले. २००९ पासून त्या प्रांतात उबदार भागातले बी मुद्दाम थंड भागात लावून पाहिले जात आहे.

उलट उदाहरण इंग्लिश एल्म या वृक्षाचे. तो मुख्यतः मुळांच्या फुटव्यांतून वाढलेला, जवळजवळ एकाच झाडाची प्रत असल्याचे २००४ मध्ये जनुकीय तपासणीत दिसले. १९६० च्या दशकाअखेर घातक बुरशी आली, तेव्हा ब्रिटनमधले कोट्यवधी एल्म गेले.